उन्हाळी शिक्षक प्रशिक्षण आणि वर्गातील तंत्रज्ञान

उन्हाळी शिक्षक प्रशिक्षण : शाळांना मोठी सुट्टी असताना शिक्षकांसाठी घेतले जाणारे सेवांतर्गत प्रशिक्षण. महाराष्ट्रात ते एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे शाळा पुन्हा भरेपर्यंतच्या काळात होते. त्याचा मोठा भाग आता वर्गातील तंत्रज्ञानाने व्यापला आहे : टीव्ही किंवा प्रोजेक्टर, मोबाइल, टॅब, क्यूआर कोड असलेली पाठ्यपुस्तके, शालेय साहित्याचे दीक्षा ॲप आणि शिक्षकांनी स्वतः तयार केलेले व्हिडिओ. मराठी शाळांच्या, विशेषतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या अनुभवावर ही नोंद आधारलेली आहे.

पूर्वपीठिका : सुट्टीत शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी करण्याची कल्पना अमेरिकेत १९५०च्या दशकात विज्ञान व गणिताच्या उन्हाळी संस्थांतून रुजली. भारतात १९६३ पासून विद्यापीठांमध्ये अशा संस्था भरू लागल्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात चाललेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील खेड्यांमधल्या शिक्षकांना सुट्टीच्या दिवसांत टीव्ही व रेडिओवरून विज्ञान कसे शिकवावे हे दाखवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली. शालेय दूरदर्शन कार्यक्रमांतून मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना ती परिचयाची झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर दहा दिवसांची उन्हाळी शिबिरे झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) उभ्या राहिल्या. १९९०च्या दशकात महाराष्ट्राने ‘स्मार्ट पीटी’ या नावाने राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण दिले.

दीक्षा हे राष्ट्रीय व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले, तर निष्ठा हा प्रशिक्षण कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये. करोनाकाळात निष्ठा दीक्षावर ऑनलाइन आला, १८ घटकसंचांसह. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली. खालून वर गेलेली उदाहरणेही आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल शाळांच्या चळवळीचा आरंभबिंदू मानली जाते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या दोन्ही शाळांत यंत्राच्या आधी शिक्षकाला वर्गात जाणवलेली गरज होती, आणि त्या गरजेतून यंत्र निवडले गेले. बहुतेक सरकारी प्रशिक्षणांत हा क्रम नेमका उलटा होतो.

रचना : राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (पुणे) साहित्य तयार करते. तिथे राज्यस्तरीय तज्ज्ञ मार्गदर्शक घडतात. ते जिल्ह्यात डाएटच्या पातळीवर, जिल्ह्यातले तालुक्यात गटसाधन केंद्रावर आणि तिथून केंद्रशाळेपर्यंत (जवळच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) विषय पोहोचवतात. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात. वर पाच दिवस चाललेले खाली दोन दिवसांत उरकते, आणि हाताने करायचा भाग सगळ्यात आधी गळतो. पीपीटी तेवढी शिल्लक राहते. वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठीचे (१२ व २४ वर्षांच्या सेवेनंतरचे) प्रशिक्षण वेगळे असते. त्यातली उपस्थिती पगाराशी बांधलेली असल्याने हजेरी पूर्ण भरते, पण हजेरी भरणे म्हणजे शिकणे नव्हे.

सुट्टी हा कायमचा तंट्याचा मुद्दा. दीर्घ सुट्टी उपभोगता न आल्यास नियमाप्रमाणे अर्जित रजा जमा होते, पण तिची सेवापुस्तकात नोंद व्हावी म्हणून आदेशाची प्रत आणि उपस्थिती प्रमाणपत्र शिक्षकाने त्याच वेळी मागून घ्यावे लागते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या सभागृहात दुपारी दोन ते चार या वेळात कोणीही नवे शिकत नाही. सकाळी ७:३० ते १२:३० अशी वेळ ठेवणाऱ्या तालुक्यांत सराव पूर्ण होतो.

शिबिराची आखणी : एका गटात ३० ते ४० शिक्षक असतात. ऐकण्यासाठी हे ठीक. हाताने करण्यासाठी मात्र दर १०-१२ जणांमागे एक साहाय्यक लागतो, नाहीतर एकाचे लॉगिन अडले की सगळा गट थांबतो. लॉगिनचा घोळ पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ खातो. पासवर्ड विसरलेला, ओटीपी जुन्या नंबरवर जाणारा, शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला स्वतःचा क्रमांक) ठाऊक नसलेला शिक्षक प्रत्येक गटात असतोच. म्हणून हे काम आठवडाभर आधी केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर उरकावे. फोनमध्ये ४-५ जीबी जागा रिकामी आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

चाळीस फोन एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत नाहीत. बहुतेक फोन एका वेळी दहाच्या आसपास जोडण्या स्वीकारतात, आणि रेंज कमी असेल तर त्याही अडखळतात. सगळे साहित्य आधी उतरवून पेनड्राइव्हने किंवा फोन-ते-फोन वाटले, तर इंटरनेट गेले तरी सत्र चालू राहते.

शिक्षकाने जूनमध्ये शिकवायचा पहिला पाठ सोबत आणावा आणि त्याच पाठावर काम करावे. पहिल्या दिवशी त्या पाठाचे दीक्षावरील साहित्य शोधणे, तपासणे, उतरवून ठेवणे. मग तीन ते पाच मिनिटांचा स्वतःचा व्हिडिओ. नंतर पाच प्रश्नांची चाचणी. शेवटी तोच पाठ इतर शिक्षकांसमोर पंधरा मिनिटे, वीज गेली असे समजून एकदा आणि वीज असताना एकदा. हा शेवटचा भाग वेळेअभावी नेहमी कापला जातो, आणि सगळ्यात जास्त शिकणे त्यातच होते.

व्हिडिओ काढताना : फोन आडवा धरावा, पंखा बंद करावा, इअरफोनचा माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर असावा. पंख्याचा आवाज शिक्षकाला ऐकू येत नाही, पण वर्गातल्या स्पीकरवर तो घरघरतो आणि ‘स’, ‘श’ यांसारखे ध्वनी गिळतो. फोनवर मूळ सेटिंगने घेतलेला पाच मिनिटांचा पूर्ण एचडी व्हिडिओ ६०० एमबीच्या घरात जातो. ७२०पी आणि कमी बिटरेटला तोच ७५ एमबीत बसतो आणि वर्गातल्या टीव्हीवर पुरेसा स्पष्ट दिसतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की ॲप तो दाबते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. अनेक नवे फोन एचईव्हीसी या फाइल जास्त दाबणाऱ्या नव्या पद्धतीने चित्रण करतात. जुन्या टीव्हीवर अशा फाइलचा आवाज येतो, चित्र मात्र काळे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ ही जुनी पद्धत निवडली की अडचण सुटते. पेनड्राइव्हचीही अशीच गत : एफएटी३२ स्वरूपात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, तर एक्सएफएटी किंवा एनटीएफएस स्वरूप काही जुने टीव्ही ओळखतच नाहीत. वर्गासाठी एफएटी३२ आणि लहान फाइली हा खात्रीचा मार्ग.

मराठी अक्षरे : या विषयाला प्रशिक्षणात तास मिळत नाही, आणि तो मिळायला हवा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली जुनी प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे चित्र इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असते. उपाय एकच : युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला संकेत. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला दहा-बारा दिवस रोज वीस मिनिटे पुरतात. फोनवर बोलून टंकलेखनही चालते, फक्त जोडाक्षरे आणि विरामचिन्हे नंतर तपासावी लागतात.

पुढची अडचण बारीक आहे, पण पहिलीच्या वर्गात ती फार मोठी ठरते. अनेक युनिकोड फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने दाखवतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहायचा आहे. मूल पुस्तकात एक ‘ल’ पाहते आणि टीव्हीवर दुसरा, आणि नुकतेच अक्षर ओळखू लागलेले मूल गोंधळते. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की वळण बदलते, हिंदीवर राहिली की बदलत नाही. फाइल पीडीएफ करून ठेवली तर दुसऱ्या यंत्रावरही तेच वळण टिकते.

पडदा आणि अंतर : ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंमी. मागच्या रांगेतले मूल सहा मीटरवर बसले असेल, तर अक्षर किमान ३ सेंमी उंच हवे (अंतराचा दोनशेवा भाग, असा ठोकताळा). देवनागरीत वरच्या आणि खालच्या मात्रांमुळे एका ओळीला याच्या दुप्पट जागा लागते. म्हणजे पडद्यावर आठ ओळी, त्याहून जास्त नाही. प्रशिक्षणातल्या पीपीटीत सोळा-सोळा ओळी असतात, शिक्षक तीच वर्गात नेतो, आणि मागची मुले चित्र तेवढे पाहतात. मुलांना जमिनीवर अर्धवर्तुळात तीन मीटरच्या आत बसवले, तर हाच टीव्ही पुरतो. टीव्ही खिडकीसमोर कधीही लावू नये. बाजूच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या किंचित वर, असा लावावा.

प्रोजेक्टरला अंधार लागतो. तीन हजार ल्यूमेनचा प्रोजेक्टर दोन उघड्या खिडक्यांच्या खोलीत फिका पडतो. तास संपताच स्विचबोर्डवरून वीज तोडणे ही नेहमीची चूक : आतला पंखा दिवा थंड करत असतो, तो मध्येच थांबला की दिव्याचे आयुष्य घटते. खडूच्या भुकटीने जाळी भरते, म्हणून महिन्यातून एकदा ती मऊ ब्रशने साफ करावी. प्रोजेक्टर, संगणक आणि स्पीकर एकाच पेटीत असलेले ‘के-यान’ हे आयआयटी मुंबईत विकसित झालेले उपकरण वायरींच्या जंजाळातून सुटका करते, पण दिव्याची आणि धुळीची काळजी त्यालाही लागते.

क्यूआर कोडची मोजमापे सोपी. वाचनाच्या अंतराचा साधारण दहावा भाग इतकी कोडची रुंदी असावी. हातातल्या पुस्तकासाठी अडीच सेंमी, भिंतीवरच्या तक्त्यासाठी एक मीटर अंतराला दहा सेंमी. भोवतीची पांढरी कड कापू नये. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की फोन कोड वाचत नाही. आणि कोड म्हणजे फक्त पत्ता : रेंज नसेल तर तो उघडूनही रिकामाच राहतो.

वीज : बंद डिजिटल वर्गांचा शोध घेतला, तर पुष्कळदा यंत्र धड असते आणि विजेची जोडणी थकीत बिलामुळे तुटलेली असते. इन्व्हर्टरचा हिशेब शिबिरात कागदावर करून घ्यावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. इन्व्हर्टरमधली घट धरता हाती सुमारे ७०० वॅट-तास येतात. ८० वॅटचा टीव्ही आणि ७० वॅटचा पंखा मिळून साडेचार तास.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खरे नुकसान होते ते इथे. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी अर्धी उतरलेली बॅटरी तशीच सोडली जाते, दीड महिन्यात तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते, आणि जूनमध्ये ती चार्ज घेत नाही. शाळा बंद करताना बॅटरी पूर्ण चार्ज करावी, पातळीच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरावे (नळाचे पाणी नाही), आणि कोणीतरी दर पंधरा-वीस दिवसांनी दिवसभर चार्जिंग लावावे. वळवाच्या विजांपासून वाचवण्यासाठी टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावे. एचडीएमआय केबल उंदीर कुरतडतात, म्हणून ती गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवावी. टॅब पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले नकोत, निम्म्या चार्जवर बंद करून ठेवावेत.

गोव्यात शालेय पातळीवर कोडिंग व रोबोटिक्सची मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना आहे, आणि तिथल्या शिक्षक प्रशिक्षणात संगणकीय विचारपद्धतीला महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांपेक्षा जास्त जागा मिळते. शाळा लहान आणि अंतरे कमी असल्याने सुलभक (प्रशिक्षण देणारा मार्गदर्शक) शाळेपर्यंत प्रत्यक्ष पोहोचू शकतो.

पाठपुरावा : मे महिन्यात शिकलेले शाळा भरल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गात वापरले गेले नाही, तर दिवाळीपर्यंत विसरले जाते. तो पंधरवडा तर प्रवेश, पुस्तकवाटप, गणवेश आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. म्हणून दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास यासाठी राखून ठेवणारे केंद्रप्रमुख या कामाचे खरे आधार आहेत. त्या अर्ध्या तासात एका शिक्षकाने वापरलेला पाठ दाखवावा, जे अडले ते सांगावे आणि फाइल सर्वांना द्यावी. ‘प्रशिक्षण घेतले का’ असे विचारणाऱ्या ऑनलाइन फॉर्मच्या लिंकऐवजी वर्गात एक साधी वही टीव्हीखाली ठेवावी : तारीख, पाठ, किती मिनिटे, काय अडले. अशा वहीत ‘रिमोटचे सेल नव्हते’ अशी नोंद लागोपाठ तीन वेळा आली, तर पुढच्या शाळा अनुदानातून पहिली खरेदी कोणती करायची ते मुख्याध्यापकांना कळते.