रिपोस्ट

तलवारबाजीत प्रतिस्पर्ध्याचा वार पात्याने अडवल्यानंतर त्याच्यावर केलेला उलट वार म्हणजे रिपोस्ट. मूळ शब्द इटालियन ‘रिस्पोस्ता’, अर्थ ‘उत्तर’. फ्रेंचमध्ये जाऊन तो ‘रिपोस्त’ झाला. मराठीत ‘प्रतिवार’ म्हणता येईल, पण आधी बचाव झालेला असावा ही अट त्यातून कळत नाही.

वार अंगावर येत असताना तो न अडवता, त्यातच घुसून केलेला वार हा रिपोस्ट नव्हे, तो प्रतिहल्ला. एरवी हा भेद कोणी पाळत नाही. तलवारबाजीच्या फॉइल आणि सेबर या प्रकारांत मात्र गुण त्यावरच ठरतो. दोघांचेही वार जवळपास एकाच वेळी लागले, तर पंच वाराचा हक्क कोणाचा होता ते पाहतात. हल्ला सुरू करणाऱ्याकडे हा हक्क असतो; हल्ला अडवला गेला की तो अडवणाऱ्याकडे जातो. पण त्याने तो ताबडतोब वापरायला हवा. तो रेंगाळला आणि हल्लेखोराने तोच वार पुन्हा पुढे रेटला, तर हक्क गेला. शिवाय वार नोंदणारे यंत्रही फार थांबत नाही. एकाचा वार नोंदल्यानंतर फॉइलमध्ये सुमारे ३०० आणि सेबरमध्ये सुमारे १७० मिलिसेकंद उलटले, की दुसऱ्याचा वार नोंदलाच जात नाही.

एपे या तिसऱ्या प्रकारात असा हक्कच नसतो. दोन्ही वार सुमारे ४० मिलिसेकंदांच्या आत लागले, तर गुण दोघांनाही. त्यामुळे वार अडवून पाते मोकळे सोडणे तेथे धोक्याचे असते. अनुभवी खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे पाते दाबून धरूनच पुढे सरकतो.

रिपोस्ट सरळ रेषेत करता येतो, पाते दुसऱ्या बाजूला वळवून करता येतो किंवा आधी हुलकावणी देऊनही. मूळ हल्लेखोराने तोही अडवून उलट वार केला, तर तो प्रतिरिपोस्ट.

इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये हा शब्द बोलण्यातल्या चपखल, हजरजबाबी उत्तरासाठीही वापरतात. मराठी वृत्तपत्रांतला ‘प्रतिटोला’ त्याच्या जवळचा, पण बराच ढिला: कोणी काहीही उलट बोलले तरी तो लावला जातो. समोरच्याच्या विधानाला आधी भिडून मग त्याच्यावर उलटवलेले वाक्य तेवढे रिपोस्ट म्हणावे; निव्वळ शिवीगाळ किंवा दुसऱ्या दिवशी सुचलेले उत्तर नव्हे.