द स्टुडंट नर्सेस

स्टेफनी रॉथमन (जन्म : ९ नोव्हेंबर १९३६, पॅटरसन, न्यू जर्सी) यांनी दिग्दर्शित केलेला, १९७० साली प्रदर्शित झालेला कमी खर्चाचा अमेरिकी चित्रपट. निर्माते रॉजर कॉर्मन यांनी त्याच वर्षी काढलेल्या न्यू वर्ल्ड पिक्चर्स या कंपनीच्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा एक. लॉस एंजेलिसमध्ये एकाच घरात राहणाऱ्या चार शिकाऊ नर्सची ही गोष्ट.

हा ‘एक्स्प्लॉयटेशन’ जातकुळीचा चित्रपट. ‘शोषणपट’ असे भाषांतर करायचा मोह होतो, पण ते फसवे आहे. शोषणावरचा चित्रपट असा त्याचा अर्थ नाही. नग्नता, मारामारी, अमली पदार्थ, वर्तमानपत्रात गाजणारा एखादा विषय यांचे भांडवल करून तिकिटे विकायची, हा तो धंदा. मोठे नट नसत. नाव आणि पोस्टर यांवरच प्रेक्षक ओढायचा. गिऱ्हाईक मुख्यतः ड्राइव्ह-इन थिएटरांतले, म्हणजे उघड्यावर गाडीत बसून चित्रपट पाहणारे.

कॉर्मन यांची मागणी सरळ होती : नर्सवर चित्रपट हवा आणि त्यात अधूनमधून उघडे अंग व थोडी हिंसा हवी. एवढे दिले की बाकीचे दिग्दर्शकाने ठरवावे. रॉथमन यांनी ही मोकळीक पुरेपूर वसूल केली. पती चार्ल्स स्वार्ट्झ यांच्यासह त्यांनी कथा रचली, पटकथा डॉन स्पेन्सर यांची. चौघींपैकी लिन मेक्सिकन वंशाच्या चळवळ्या तरुणांकडे ओढली जाते. शॅरन एका मरणासन्न रुग्णात गुंतते आणि शेवटी व्हिएतनामला जायला निघते.

चित्रपटाचा खरा गाभा मात्र प्रिसिलाच्या गोष्टीत आहे. तिला दिवस जातात, मुलाचा बाप पसार होतो. ती रुग्णालयाकडे गर्भपाताची परवानगी मागते आणि तिला नकार मिळतो. कॅलिफोर्नियाच्या १९६७च्या कायद्याने बाईच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका आहे, किंवा बलात्कारातून वा रक्ताच्या नात्यातल्या संबंधातून दिवस गेले आहेत, असे रुग्णालयाच्या समितीला पटले, तरच गर्भपात करता येई. देशभर गर्भपात कायदेशीर ठरला १९७३ मध्ये. शेवटी मैत्रिणीचा डॉक्टर मित्र घरातच तो चोरून करतो. ती मैत्रीण, चौघींपैकीच एक असलेली फ्रेड, याला कडाडून विरोध करते. दोघींपैकी कोणाचीही बाजू पोकळ वाटू नये, याची काळजी रॉथमन घेतात. अंगप्रदर्शनासाठी आलेल्या प्रेक्षकासमोर हे ठेवायला धाडस लागले असणार.

चित्रपटाने चांगला पैसा मिळवला. कॉर्मन यांनी नर्सचीच आणखी चार चित्रपटांची रांग लावली, पण त्यांपैकी एकही रॉथमन यांनी दिग्दर्शित केला नाही.

रॉथमन बर्कलीत समाजशास्त्र शिकल्या आणि नंतर युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात चित्रपट. डिरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिकाची शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री त्याच. १९६४ पासून त्या कॉर्मन यांच्या साहाय्यक होत्या. ‘द व्हेल्व्हेट व्हॅम्पायर’ (१९७१) या त्यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच रात्री रस्त्यात अंगावर आलेल्या पुरुषाला बाई भोसकते आणि निवांतपणे कारंज्याच्या पाण्यात रक्ताचे हात धुते. या बाईचे आडनाव लेफानू आणि कलादालनाच्या मालकाचे स्टोकर. ‘कार्मिला’ लिहिणारे शेरिडन ले फानू आणि ‘ड्रॅक्युला’ लिहिणारे ब्रॅम स्टोकर यांची ही नावे; रक्तपिपासूंच्या कथा वाचणाऱ्याला खोडी लगेच कळते.

त्याच वर्षी रॉथमन व स्वार्ट्झ डायमेन्शन पिक्चर्स या नव्या कंपनीत गेले. तिथे ‘टर्मिनल आयलंड’ (१९७३) झाला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्दबातल ठरवली होती; त्याच धाग्यावर, खुन्यांना बेटावर नेऊन सोडले जाते अशी ही कल्पना. बेटावर बायकांना गुलामासारखे राबवणारी टोळी आणि त्यांना बरोबरीने वागवणारी टोळी अशी लढाई जुंपते. पुढे दूरचित्रवाणीवर गाजलेले टॉम सेलेक यात एका छोट्या भूमिकेत आहेत.

‘द वर्किंग गर्ल्स’ (१९७४) हा दिग्दर्शिका म्हणून त्यांचा शेवटचा चित्रपट. पॅम कुक यांच्यासारख्या स्त्रीवादी समीक्षक तेव्हा त्यांच्यावर गंभीरपणे लिहू लागल्या होत्या. पण कॉर्मन यांच्याच हाताखाली उमेदवारी केलेले फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि मार्टिन स्कोर्सेसी हे दिग्दर्शक मोठ्या स्टुडिओंत पोहोचले, रॉथमन यांना तो दरवाजा उघडला नाही. अंगप्रदर्शनाच्या चित्रपटांचा शिक्का त्यांच्या कपाळावरून पुसला गेला नाही. १९७८च्या ‘स्टारहॉप्स’ची पटकथा त्यांची, पण श्रेयनामावलीत नाव दिसते ते डॅलस मेरेडिथ हे टोपणनाव.