सिसरोची पुस्तकं घेताय? तीनच आहेत, चार नाहीत

काउंटरवर दिवसातून चारदा तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून हे पान छापलं. पुस्तकाबरोबर फुकट आहे. घरी जाऊन नव्हे, पैसे देण्याआधी वाचा.

रोमन राजकारणी सिसरोवर रॉबर्ट हॅरिसने लिहिलेल्या कादंबऱ्या तीन: ‘इम्पेरियम’ (2006), ‘लस्ट्रम’ (2009) आणि ‘डिक्टेटर’ (2015). मोबाइलवर ‘कॉन्स्पिराटा’ नावाचं जे चौथं पुस्तक दिसतं, ते ‘लस्ट्रम’च आहे. ब्रिटनमध्ये एक नाव, अमेरिकेत दुसरं. मुखपृष्ठ निराळं, कादंबरी तीच.

हे सांगूनही लोक मागवतात. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ‘तुम्हाला माहीत नसेल, नवीन आलंय’ म्हणून ऑर्डर द्यायला लावली. महिनाभर रोज फोन. पुस्तक आलं, उभ्या उभ्या पहिलं पान उघडलं, आणि चेहरा पडला. सिसरो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, व्हायला दोन दिवस उरलेत आणि टायबर नदीतून एका मुलाचं प्रेत बाहेर काढलंय. ‘अहो, हे मी गणपतीतच वाचलं.’ आम्ही काय बोलणार! तेव्हा शंका आली तर पहिलं वाक्य बघा. टायबर आणि प्रेत दिसलं की तो दुसरा भाग, वर नाव काहीही असो.

खास मागवलेलं पुस्तक आम्ही परत घेत नाही, यावर काही जण रागावतात. पण वितरक ते आमच्याकडून परत घेत नाही, आणि तेच पुस्तक मागणारा दुसरा माणूस वर्षभर फिरकत नाही. दुकानात शिल्लक असलेली प्रत मात्र आठ दिवसांत, पान न दुमडता आणली तर बदलून देतो. पैसे परत नाहीत.

दुसरी चूक पहिलीचीच बहीण: सुरुवात मधूनच करणं. दुसऱ्या भागात रोमची सत्ता उलथवायचा कॅटिलिनाचा कट आहे, सीझर आहे, म्हणून लोक आधी तोच उचलतात आणि ‘माणसं कळत नाहीत’ म्हणून आठवड्यात परत आणतात. कशी कळणार? माणूस वर कसा चढला ते सगळं पहिल्या भागात आहे.

सिसरो रोमचा नव्हेच. आर्पिनम नावाच्या डोंगराळ गावचा. घराण्यात आधी कुणी सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेत, बसलेलं नव्हतं, पदरी सैन्य नव्हतं. आडनाव म्हणाल तर लॅटिनमध्ये हरभऱ्याला ‘किकेर’ म्हणतात, त्यावरून पडलेलं. मित्र म्हणाले, नाव बदल. याने बदललं नाही. सिसिली बेटावर क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) असताना देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर पहिली दोन नावं अक्षरांत कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचा दाणा. (ही गोष्ट प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवली आहे.)

पुढे इ.स.पू. 70 मध्ये त्याच सिसिलीचा लुटारू गव्हर्नर व्हेरेस याच्यावर त्याने खटला चालवला. पुरावे गोळा करायला 110 दिवसांची मुदत मागितली आणि काम 50 दिवसांत उरकलं. समोर हॉर्टेन्सिअस, त्या काळचा पहिल्या नंबरचा वकील. व्हेरेसच्या बाजूचा डाव एवढाच, की सणांच्या सुट्ट्यांत तारखा वाया घालवायच्या आणि खटला पुढच्या वर्षात, आपल्या माणसांच्या हाती न्यायचा. सिसरोने लांबलचक भाषणाचा रिवाजच सोडला आणि थेट साक्षीदार उभे केले. व्हेरेस निकालाची वाट न बघता मार्सेलला पळाला. तारीख पे तारीख काढणाऱ्यांवर असा उतारा! कोर्टाची पायरी चढलेल्या आमच्या गिऱ्हाइकांना हा भाग फार आवडतो.

मग ईडाइल, प्रेटर अशी एकेक वरची पदं, आणि इ.स.पू. 64 च्या उन्हाळ्यात कॉन्सलपदाची निवडणूक. उमेदवार खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) घालून फिरत. इंग्रजीतला ‘कँडिडेट’ त्या पांढऱ्या कपड्यावरूनच आला. म्हणजे खादी आपला शोध नव्हे. मतंही डोक्यागणिक मोजत नसत. 193 गट, प्रत्येक गटाचं एक मत, श्रीमंतांचे गट आधी. 97 झाले की निकाल लागला, गरिबांपर्यंत पाळी यायचीच असं नाही. पहिला भाग या निवडणुकीपाशी थांबतो.

सन उलटे चालतात हेही लक्षात असू द्या. इ.स.पू. 70 आधी, 63 नंतर. ‘छपाईची चूक’ म्हणून एक प्रत परत आली होती, ती चूक नव्हती.

‘यातलं खरं किती?’ हा प्रश्नही ठरलेला. निवेदक टायरो खरा होता: सिसरोचा गुलाम, लेखनिक, लघुलिपीत तरबेज, इ.स.पू. 53 मध्ये मुक्त झालेला. त्याने लिहिलेलं मालकाचं चरित्र नष्ट झालं. ही मालिका म्हणजे तेच चरित्र, अशी कल्पना आहे. संवाद लेखकाचे. पण सिसरोच्या पत्रव्यवहारातली नऊशेच्या वर पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यामुळे हवेत बांधलेलं फार थोडं.

आमच्याकडून संच घेतलात तर आतल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने 1, 2, 3 आकडे घालून देतो. पुस्तक खराब केलं म्हणू नका, खोडरबरने जातं. बरोबर नावांची झेरॉक्सही मिळेल, कारण रोमन लोकांना पोरांची नावं ठेवायचा भारी कंटाळा. एकेका घरात तीन-तीन मार्कस. तिन्ही एकदम घेतल्यास 10 टक्के सूट, प्लॅस्टिकचं कव्हर आमच्यातर्फे.

वाचनालयाच्या सभासदांसाठी: पहिला भाग जमा केल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. सध्या पहिल्याच्या दोन प्रती बाहेर आहेत, वहीत नाव लिहून ठेवा.

दुपारी एक ते चार दुकान बंद.