स्क्रिप्टमधून सहीचा ई-मेल

प्रोग्रामने परस्पर पाठवलेल्या ई-मेलला पाठवणाऱ्याची डिजिटल सही जोडण्याची पद्धत. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा भाग, बाहेर पडते, तेव्हा त्याचे टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूतल्या कार्बनसारख्या घटकांचे चाचणी-प्रमाणपत्र, हेही ग्राहकाकडे जाते. हे काम पायथनची छोटी स्क्रिप्ट करू शकते. पण कागद त्याच फाउंड्रीचा आहे आणि कार्बनचा आकडा वाटेत कोणी बदललेला नाही, हे समोरच्याला कळणार कसे?

टीएलएसमुळे, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीमुळे, असे उत्तर हमखास मिळते आणि ते चुकीचे असते. टीएलएस फक्त वाट राखते, तीही एका सर्व्हरपासून पुढच्या सर्व्हरपर्यंत. सर्व्हरच्या पोर्ट ४६५ या क्रमांकाच्या दारावर ती सुरुवातीपासून असते, ५८७ वर ‘स्टार्टटीएलएस’ म्हटल्यावर चालू होते. मजकुराची हमी देते ती सही. मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने निघणारा छोटा ठसा, काढून त्यावर फक्त स्वतःकडे असलेल्या खासगी किल्लीने सही होते आणि तिच्या जोडीच्या, सर्वांना उघड असलेल्या सार्वजनिक किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. एस/माइम आणि ओपनपीजीपी हे तिचे दोन प्रचलित प्रकार. दुसऱ्याचे मूळ फिल झिमरमन यांच्या १९९१ सालच्या पीजीपीत आहे. कार्यालयांत एस/माइम सोयीचे, कारण आउटलुकला ते मुळातच कळते. ज्या प्रोग्रामला कळत नाही तिथे ‘स्माइम.पी७एस’ नावाची न उघडणारी फाइल दिसते, आणि मग फोन येतो.

जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा, उमटवत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरचे शब्दच ‘मर्यादेयं विराजते’ असे आहेत: लेखनाची हद्द इथवर. स्क्रिप्टमध्येही सही सर्वांत शेवटी. आधी ओळींचे शेवट सीआरएलएफ (ई-मेलमधली ओळ संपल्याची प्रमाण खूण) करायचे आणि देवनागरी मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या रूपात, बांधायचा, नाहीतर वाटेतला एखादा सर्व्हर त्याचे एन्कोडिंग बदलतो आणि सही मोडते. कंपनीच्या सर्व्हरने तळाशी चिकटवलेली ‘हा ई-मेल गोपनीय आहे’ ही सूचनाही सही मोडायला पुरते. मात्र विषयाची ओळ सहसा या सहीच्या बाहेरच राहते, म्हणून हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या त्या खेपेचा क्रमांक, मजकुरातही लिहावा.

डीकेआयएम ही वेगळी सही. ती डोमेनच्या, म्हणजे ई-मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, नावे होते, माणसाच्या नाही. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे अशा सहीला कायदेशीर मान्यता आहे. त्यासाठी प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. टेंडर भरायला वापरतात त्या यूएसबी टोकनमध्ये असेच प्रमाणपत्र असते. त्यातली खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही आणि सहीसाठी पिन लागतो. रात्री दोन वाजता चालणाऱ्या स्क्रिप्टला पिन कोण देणार, या अडचणीवर अनेक जण पिन सरळ कोडमध्येच लिहून ठेवतात. मग त्या संगणकावर बसणारा कोणीही मालकाच्या नावाने सही करू शकतो.