दान पडणं आणि पणाला लावणं : ‘गेम ऑफ चान्स’ आणि जुगार

‘गेम ऑफ चान्स’चं मराठी ‘संधीचा खेळ’ असं केलेलं अलीकडे इतक्या ठिकाणी वाचलं की यावर नीट लिहायलाच हवं असं वाटलं. चूक कुठून येते ते कळतं. ‘मला एक चान्स द्या’ म्हणताना आपण संधीच मागत असतो. पण ‘बाय चान्स भेटला’ म्हणताना आपल्याला योगायोग म्हणायचा असतो, आणि खेळाच्या नावातला चान्स या दुसऱ्या जातीचा आहे. ज्या खेळाचा निकाल नशिबावर लागतो तो गेम ऑफ चान्स. मराठीत सरळ ‘नशिबाचा खेळ’ म्हणावं. कागदोपत्री भाषा हवी असेल तर ‘दैवाधीन खेळ’ चालेल.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. चान्स इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पडणं’ या अर्थाचं क्रियापद आहे. आपणही फासे किंवा कवड्या टाकल्या की ‘दान पडलं’ असंच म्हणतो. हवं ते दान पडलं की सोंगटी घरात, नाही पडलं की बसा वाट बघत. चान्स म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगला मराठी शब्दप्रयोग सापडलेला नाही.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. ती म्हणजे गेम ऑफ चान्सला सरसकट जुगार म्हणणं. जुगार, म्हणजे इंग्रजीतलं गॅम्बलिंग, हा शब्द पैशाबद्दल बोलतो. निकाल कशानं लागतो हा एक प्रश्न, आणि त्या निकालावर तुम्ही काय लावलंत हा दुसरा. आपल्या भाषेनं हे दोन्ही पूर्वीपासून वेगळे ठेवलेत: दान पडतं, आणि पैसा पणाला लागतो.

सापशिडी घ्या. आजीची सोंगटी ९८ वर आहे, तिला २ हवेत. ते पडायची शक्यता सहात एक. नात मागे ४० वर आहे, वय वर्षं पाच. आजीनं आयुष्यभर कितीही पट मांडले असोत, इथे तिला ठरवायचं काहीच नाही. फासा टाकायचा आणि घरं मोजायची. नात जिंकू शकते आणि म्हणूनच ती खेळायला बसते. हा अस्सल नशिबाचा खेळ, पण यात जुगाराचा लवलेश नाही. महाराष्ट्रात हाच खेळ पूर्वी मोक्षपट म्हणून खेळला जायचा, पापपुण्याची घरं ओळखत.

आता बुद्धिबळ. तिथे फासा नाही, झाकलेलं पान नाही, सगळं डोळ्यांसमोर. पण दोघांनी हजार-हजार रुपये मध्ये ठेवले की पैज लागलीच. दान नाही, तरी पैसा पणाला आहे.

दोन्ही एकत्र येतात ते लॉटरीत, मटक्यात आणि रूलेटच्या चक्रावर, जिथे गोळी कुठल्या आकड्याच्या घरात थांबते यावर पैसे लावतात. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंमुळे रूलेट आता आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर ३७ घरं असतात, शून्य ते ३६. आकडा लागला तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट मिळतात आणि मूळ रक्कम परत. समजा तुम्ही सगळ्याच ३७ आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले. गेले ३,७००. एक आकडा नक्की लागणार, म्हणून परत आले ३,५०० अधिक तुमचे १००. कुठलंही दान पडो, शंभर रुपये कॅसिनोचे. खेळणाऱ्यासाठी तो नशिबाचा खेळ आहे, चालवणाऱ्यासाठी नाही.

खरा गुंता रमीत आहे. आमच्याकडे कोकणात गणपतीच्या जागरणाला रात्रभर पत्त्यांचा डाव चालतो, त्यामुळे या वादात मला विशेष रस. पानं पिसून वाटली, तुमच्या हाती कुठली तेरा आली हे नशीब. पण तुमच्या हातात इस्पिकची सत्ती कशाशी न जुळलेली आहे, आणि पुढच्यानं मघाशी इस्पिकची अठ्ठी उचललेली तुम्ही पाहिलीय. ती सत्ती टाकायची की अडवून ठेवायची? इथे स्मरणशक्ती लागते, अंदाज लागतो. तीन पत्तीत हे जवळपास नाहीच. पानं आली ती आली, बाकी सगळा खेळ चाल किती वाढवायची याचा.

कायद्यानंही नेमका हाच फरक धरला. मुंबई इलाख्याच्या काळातला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे, आणि त्याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. ‘निव्वळ’चा अर्थ शंभर टक्के असा नाही. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चमारबागवाला खटल्यांत, म्हणजे बक्षीस-स्पर्धांवरच्या खटल्यांत, यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असलं तरी पुरे, अशी भूमिका घेतली. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं तीन पत्तीला नशिबाचा खेळ म्हटलं आणि रमीला मुख्यतः कौशल्याचा, म्हणजे गेम ऑफ स्किल. कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवावं लागतं.

त्याच निकालातला पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायालयानं असंही म्हटलं होतं की पैसे लावून चाललेल्या रमीतून क्लबचा मालक नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे दानाचा निवाडा झाला, पणाचा प्रश्न उघडाच राहिला. पुढे मोबाइलवर रमीच्या जाहिराती आल्या, ‘गेम ऑफ स्किल’ असं ठळक लिहून. वाचणाऱ्या कित्येकांनी त्याचा अर्थ ‘हा जुगार नाही’ असा घेतला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दाखवून दुसरा प्रश्न मिटवला गेला, आणि घरातले कष्टाचे पैसे त्यात गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात पैशाच्या ऑनलाइन खेळाची व्याख्या करताना खेळ कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा, हा भेद बाजूला ठेवलाय. ई-स्पोर्ट्स वगळले, तर बघायचं ते एवढंच: खेळणाऱ्यानं पैसे किंवा पैशाच्या मोलाचं काही लावलं का, आणि ते जिंकून बदल्यात कमाई व्हायची आशा होती का.