कोनोडोंटची स्लाइड वापरताना
(आमच्याकडून स्लाइड घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांसाठी)

स्लाइडच्या काळ्या खाचेतला पिवळसर कण जेमतेम मिलिमीटरभर आहे. धूळ समजून पुसू नका. खालून उजेड देणारा मायक्रोस्कोप इथे चालत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या आणि वरून तिरपा प्रकाश टाका. दात्यांची रांग लगेच उठून दिसते. कण हलवायचाच तर बारीक ओल्या ब्रशने, चिमट्याने कधीच नाही.

हा कण म्हणजेच कोनोडोंट: समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याच्या तोंडातला अवयव. त्या प्राण्यालाही हेच नाव आहे. जीवाश्मांचे अभ्यासक पांडर यांनी १८५६ मध्ये असे अवयव वर्णिले, पण ते नेमके कोणाचे हे सव्वाशे वर्षं कोडंच होतं. १९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबराजवळच्या खडकातला अख्ख्या शरीराचा ठसा प्रसिद्ध झाला: वाम माशासारखा लांबट, सुमारे ४ सेंटिमीटरचा जीव. कण फॉस्फेटचा असल्यामुळे सौम्य अॅसेटिक आम्लात चुनखडी विरघळते आणि हा मागे उरतो.

यावरून खडकाच्या थरांचं वय कसं कळतं? हे प्राणी सुमारे ३० कोटी वर्षं समुद्रात होते आणि त्यांचे आकार झपाट्याने बदलत गेले. एकेक जात थोडाच काळ टिकली, पण दूरवर पसरली. हिंडिओडस पार्व्हस ही जात जिथे पहिल्यांदा दिसते तिथे ट्रायासिक हा भूगर्भीय कालखंड सुरू होतो, असं २००१ मध्ये चीनमधल्या मेशान इथल्या थरांवरून ठरलं. हीच जात श्रीनगरजवळच्या गुर्युलच्या थरांतही मिळते, म्हणून दोन्हीकडचे थर जुळवता येतात. मुलांचा गोंधळ होतो तो इथे: कोनोडोंट थरांचा क्रम सांगतो, वर्षांचा आकडा नाही. ट्रायासिकच्या सुरुवातीला सुमारे २५ कोटी २० लाख वर्षं झाली हा आकडा मेशानच्याच ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉन स्फटिकांवरून आला.

“आपल्या विहिरीच्या दगडात सापडतील का?” असं बरेच शिक्षक विचारतात. नाही. मराठवाड्यातला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. कोनोडोंट त्याच्या कितीतरी आधी, ट्रायासिकच्या अखेरीस संपले. पाषाणातल्या पोकळीत चमकणारे पांढरे खडे हे स्फटिक आहेत, जीवाश्म नव्हेत.

तरीही सूक्ष्म सागरी जीवाश्मांनी आपल्या पाषाणाचं वय ठरवायला मोठी मदत केली आहे, आणि वर्गात आम्हाला हेच सांगितलं जावंसं वाटतं. पैठण-नांदेडवरून जाणारी गोदावरी पुढे राजमुंद्रीला पोहोचते. दख्खनचा लाव्हाही पश्चिमेकडून तिथवर गेला होता. तिथल्या खाणींत लाव्ह्याच्या खालच्या आणि वरच्या थरांमध्ये समुद्री गाळ आहे, त्यात फोरॅमिनिफेरा या एकपेशी जीवांची कवचं. हा गट आजही जिवंत आहे, त्या जाती मात्र संपल्या. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्या जातींवरून दाखवलं की हा गाळ डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातला आहे. म्हणजे त्याच्या खालचा लाव्हा त्याआधीचा आणि वरचा त्यानंतरचा. नकाशावर गोदावरी शिकवाल त्या तासाला स्लाइड बाहेर काढा.