निळ्या फलकावरचं लाल अक्षर का नाचतं?

दातांच्या दवाखान्याचा फ्लेक्स करायला दिला की सोबत एक सूचना हमखास जाते: "रंग भडक घ्या, लांबून दिसलं पाहिजे." सांगलीत विश्रामबागवरून मिरजेकडे निघालात की या सूचनेवरून बनलेले फलक एकामागून एक दिसतात. त्यातला एक नेहमीचा नमुना घेऊ. गडद निळी पार्श्वभूमी, तीवर लालभडक अक्षरांत दवाखान्याचं नाव, बाजूला पांढऱ्याशुभ्र दातांचं हसू आणि तळाशी पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या आकड्यांत फोन नंबर. रंग भडक आहेत यात वाद नाही. तरीही रस्त्याच्या पलीकडून ना नाव नीट वाचता येतं, ना नंबर.

भडक म्हणजे ठळक, हा समजच मुळात चुकीचा आहे. अक्षराची कड डोळा पकडतो ती प्रामुख्यानं उजेडाच्या फरकावरून. रंगाच्या फरकाचा त्यातला वाटा फार थोडा. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. त्यांपैकी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दहा टक्क्यांच्याही आत असतात. वाचताना आपण अक्षर दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूवर आणून ठेवतो, तिथं तर त्या जवळजवळ नसतातच. बारीक तपशील टिपण्याचं काम उरलेल्या दोन प्रकारच्या पेशी करतात. म्हणूनच फोनच्या पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची जी उजळता आपल्याला जाणवते, तिच्यात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा फक्त 7 टक्के असतो.

या आकड्यांवरून दोन रंगांमधल्या उजळतेचं गुणोत्तर काढता येतं. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते साध्या मजकुराला किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांना किमान 3 गुणोत्तर मागतात. आता आपला फलक मोजू. शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल: जेमतेम 2.1. शुद्ध पिवळ्यावर पांढरा: 1.07, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. आणि निळ्यावर पांढरा? 8.6. निळ्यावर पिवळा घेतला तरी 8. छापील फ्लेक्सच्या शाईत हे आकडे थोडे बदलतात, पण क्रम तोच राहतो. आकडेमोड नको असेल तर फलकाचा फोटो काढून फोनमध्ये कृष्णधवल करून पाहा. जे अक्षर तिथं हरवलं, ते रस्त्यावरही हरवणार.

पण लाल-निळ्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ते अक्षर नुसतं अंधूक दिसत नाही, ते नाचतं. त्यामागचं कारण मला डोळ्याच्या सगळ्या प्रकाशशास्त्रातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

लोलकातून जाताना निळा किरण लाल किरणापेक्षा जास्त वळतो. आपल्या डोळ्यातलं पारपटल आणि नेत्रभिंग हेही प्रकाश वळवणारेच, त्यामुळं त्यांच्याकडूनही हेच घडतं. निळ्याचा केंद्रबिंदू दृष्टिपटलाच्या अलीकडे पडतो, लालचा पलीकडे. दृश्य वर्णपटाच्या दोन टोकांमधला हा फरक सुमारे 2 डायॉप्टर भरतो, म्हणजे चष्म्याच्या दोन नंबरांइतका! कॅमेऱ्यात हा दोष घालवायला वेगवेगळ्या काचांची भिंगं जोडतात. डोळ्यात तशी सोय नाही, तो मधल्या पिवळसर-हिरव्या पट्ट्यावर नजर बसवून काम भागवतो.

याचा पुरावा तुम्ही स्वतः दिलेला आहे. चष्म्याचा नंबर काढताना शेवटी अर्धा लाल, अर्धा हिरवा तक्ता दाखवतात आणि विचारतात, "कुठली अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात?" तिथल्या लाल आणि हिरव्या प्रकाशात साधारण अर्ध्या डायॉप्टरचा फरक असतो. लाल भागातली अक्षरं स्पष्ट दिसली तर प्रतिमा दृष्टिपटलाच्या थोडी अलीकडे पडते आहे, हिरव्यातली दिसली तर पलीकडे. पाव नंबराची चूक या तक्त्यावर पकडता येते.

निळ्या फलकावर लाल अक्षर आलं की डोळ्याची पंचाईत होते. लालसाठी नजर जुळवावी तर निळी पार्श्वभूमी धूसर होते, निळ्यासाठी जुळवावी तर अक्षर. भिंग सारखं दोन्हींकडे ओढलं जातं. त्यात भर म्हणजे आपली पाहण्याची रेषा डोळ्याच्या भिंगांच्या अक्षावर नेमकी बसत नाही, ती थोडी तिरकी असते. त्यामुळं लाल आणि निळ्या प्रतिमा बाजूलाही सरकतात आणि दोन डोळ्यांत विरुद्ध दिशांना सरकतात. मेंदू या फरकाचा अर्थ खोली असा लावतो. बहुतेकांना लाल अक्षर फलकाच्या पुढं आल्यासारखं दिसतं, काहींना उलट आत गेल्यासारखं. सपाट फ्लेक्सवर ही खोटी खोली दिसत राहते आणि कडा स्थिर राहत नाहीत.

पंचेचाळिशीनंतर तर भिंग फुगवून नजर जुळवण्याची ताकदच ओसरते. भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड अडवतं, बाहुली लहान होते. साठीतल्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उरतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश विखुरतो तो वेगळाच. आणि कवळी, इम्प्लांट, हलणारे दात घेऊन दवाखाना शोधणारा माणूस बहुधा याच वयाचा असतो.

इथं एक जुनी भीती खोडून काढलीच पाहिजे: वरचा दात काढला की नजर जाते. जत-कवठेमहांकाळकडून सांगली-मिरजेला दाखवायला आलेले वडीलधारे आजही या भीतीनं किडका दात महिनोन्‌महिने सांभाळतात. दातांची संवेदना वाहणारी नस ही पाचवी मेंदू-नस, दृष्टीची दुसरी. दोघींचे मार्ग वेगळे, कामं वेगळी. दात पडण्याचं वय आणि चाळिशीचा चष्मा, मोतीबिंदू यांचं वय एकच असल्यामुळं हा संबंध जोडला गेला. फ्लेक्सवरचे कागदासारखे पांढरे दातही तितकेच खोटे. दाताचं वरचं कवच अर्धपारदर्शक असतं आणि आतला पिवळसर थर त्यातून दिसतो, म्हणून निरोगी दातही किंचित पिवळसरच असतो.

संध्याकाळची ओपीडी असेल तर लाल रंगाचा आणखी एक तोटा. उजेड कमी झाला की शंकूपेशींकडून दंडपेशींकडे काम जातं, आणि दंडपेशी लाल उजेडाला जवळजवळ दाद देत नाहीत. दिवेलागणीला, फलकावर दिवा नसेल तर, लाल अक्षर काळपट पडतं. लाल-हिरव्याची जोडीही टाळावी. हे रंग नीट ओळखू न येण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळं तो पुरुषांत बराच जास्त आढळतो.

देवनागरीची एक बाब फ्लेक्स करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर टिकून असतो. अक्षराला जाड पांढरी बॉर्डर आणि सावली दिली की ती फट बुजते आणि लांबून ‘दात भरणे’चं ‘दात मरणे’ होतं. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट ओळखू येते. 30 मीटरवर ती सुमारे 9 मिलिमीटर भरते. म्हणजे रस्त्यापलीकडून वाचायच्या अक्षरात ही फट निदान बोटाएवढी रुंद हवी, सावली अजिबात नको, आणि पदव्यांची रांग कापून ती जागा नावाला द्यावी.

हाच फ्लेक्स पुढं जेपीजी होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. अंध माणसाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं अ‍ॅप टाइप केलेला मजकूर सहज वाचतं, पण चित्रातल्या अक्षरांवर, त्यातही सजवलेल्या देवनागरीवर, त्याचा भरवसा धरता येत नाही. चित्राखाली दवाखान्याचं नाव, पत्ता, वेळ आणि फोन नंबर टाइप करून पाठवावा. दवाखाना कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे की जिना, व्हीलचेअर आत जाते का, हेही त्यातच लिहावं.